न तपासलेल्या पाण्याला शुद्धतेचा दाखला

पाणी बिघडले की नाही हे सांगायचे, तर ते आधी कसे होते हे ठाऊक असावे लागते. शेतात बोअर असलेल्या कुणालाही हे पटवून द्यावे लागत नाही. अमेरिकेने मात्र २००५ साली, वायूच्या विहिरींपुरती, भूजलावरची केंद्राची देखरेखच कायद्यातून काढून टाकली. तेव्हापासून ‘पाणी आमच्यामुळे बिघडले याचा पुरावा कुठे आहे?’ हा प्रश्न ज्यांचे पाणी बिघडले त्यांनाच विचारला जातो आहे. फ्रॅकिंगच्या, म्हणजे खडक फोडून वायू काढण्याच्या, वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ आरडाओरडा झाला आहे. माझा मुद्दा त्यापेक्षा बराच लहान आहे: पुरावा नाही असे म्हणण्याचा अधिकार, पुरावा गोळा होऊ न देणाऱ्याला असू नये.

१९७४च्या सुरक्षित पेयजल कायद्यानुसार जमिनीखाली दाबाने द्रव सोडायचा तर परवाना लागतो. भूजलाचे थर कुठे आहेत, विहिरीचे अस्तर कितपत पक्के आहे, दाब किती देणार, हे त्यासाठी आधी दाखवावे लागते. फ्रॅकिंगला ही अट लागू आहे का, यावर वाद होता. अलाबामातून खटला गेला आणि १९९७ साली संघीय अपील न्यायालयाने सांगितले, की आहे. उद्योगाला हे रुचणारे नव्हते. २००४ साली पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, कोळशाच्या थरांतल्या फ्रॅकिंगवर एक अहवाल काढला. भूजलाला धोका नगण्य, पुढच्या अभ्यासाची गरज नाही, असा त्याचा निष्कर्ष. हा अहवाल लिहिताना संस्थेने स्वतः एकाही विहिरीचे पाणी तपासले नव्हते; उपलब्ध कागदपत्रांवरून काम भागवले होते. संस्थेतल्याच वेस्टन विल्सन या अभियंत्याने त्यावर उघडपणे हरकत घेतली. तिचा उपयोग झाला नाही.

पुढच्याच वर्षी ऊर्जा धोरण कायद्यात छोटीशी दुरुस्ती आली आणि ‘भूमिगत द्रव सोडणे’ या व्याख्येतून फ्रॅकिंग वगळले गेले. त्या वेळचे उपाध्यक्ष डिक चेनी हे १९९५ ते २००० या काळात हॅलिबर्टन या कंपनीचे प्रमुख होते आणि ही कंपनी फ्रॅकिंगची कंत्राटे घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. म्हणून अमेरिकेत या सवलतीला ‘हॅलिबर्टन पळवाट’ म्हणतात. एक अपवाद तेवढा ठेवला: द्रवात डिझेल घातले तर परवाना घ्यावा. २०११ साली प्रतिनिधीगृहाच्या समितीतल्या डेमोक्रॅट सदस्यांनी कंपन्यांकडून माहिती मागवली, तेव्हा २००५ ते २००९ या काळात १९ राज्यांत ३ कोटी २० लाख गॅलन डिझेल किंवा डिझेलमिश्रित द्रव जमिनीत गेल्याचे दिसले. परवाना कुणीच घेतलेला नव्हता. आणि तो कसा द्यायचा याची मार्गदर्शक सूचना ईपीएने काढली ती २०१४ साली!

फ्रॅकिंगमध्ये प्रत्यक्षात काय होते ते सांगायला हवे, कारण वादाची अर्धी गुंतागुंत तिथेच आहे. वायूविहीर आधी दीड-दोन किलोमीटर किंवा त्याहून जास्त सरळ खाली नेतात, मग शेल नावाच्या खडकाच्या थरात आडवी वळवतात आणि आणखी किलोमीटर-दोन किलोमीटर पुढे नेतात. पोलादी नळ्या घालून, नळी आणि खडक यांमधली फट सिमेंटने बुजवतात. मग प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि रसायने आत सोडून खडकाला भेगा पाडतात. वाळू त्या भेगा उघड्या ठेवते आणि वायू बाहेर येतो. पाण्याचा हिशोब विहिरीगणिक बदलतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या मते एका विहिरीला १५ लाखांपासून १ कोटी ६० लाख गॅलनपर्यंत पाणी लागते. मधला आकडा म्हणून ५० लाख गॅलन धरू. ते झाले सुमारे १ कोटी ९० लाख लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर दहा हजार लिटरचा असतो. असे १,९०० टँकर एका विहिरीत. ‘रसायने काय, अवघी एक टक्का’ हे उद्योगाचे आवडते वाक्य आहे. एक टक्का म्हणजे १९ टँकर रसायने. टक्केवारी ऐकून माणूस निर्धास्त होतो, टँकर मोजायला लागला की होत नाही.

या रसायनांत सगळेच भयंकर असते असे नाही. पाणी दाट करून वाळू तरंगती ठेवण्यासाठी त्यात गवारीच्या बियांचा डिंक घालतात. तोच डिंक आइस्क्रीममध्येही असतो. २०११-१२ साली अमेरिकेतल्या फ्रॅकिंगच्या मागणीमुळे राजस्थानातल्या गवारीचे भाव असे भडकले, की मार्च २०१२ मध्ये वायदेबाजारातला गवारीचा व्यवहार बंद करावा लागला. पण त्याच समितीच्या यादीत ७५० रसायने होती, आणि त्यांत बेंझीन, नॅप्थलीन, शिसेही होते. ईपीएने पुढे जमवलेली यादी, परत वर येणाऱ्या पाण्यातली रसायने धरून, १,६०६वर गेली.

आता डिमॉक. ईशान्य पेनसिल्व्हेनियात, सस्क्वेहाना परगण्यातले हे छोटे गाव. १ जानेवारी २००९ रोजी तिथल्या एका घरामागची पाण्याची विहीर स्फोटाने फुटली. पाण्यात मिथेन साचला होता. कॅबट ऑइल अँड गॅस या कंपनीच्या वायूविहिरी जवळच होत्या. राज्याच्या पर्यावरण खात्याने सदोष बांधणीच्या विहिरींना जबाबदार धरले, काही विहिरी बुजवायला लावल्या, गावाखाली नवे खोदकाम थांबवले. कंपनीचे म्हणणे असे, की या भागातल्या पाण्यात मिथेन पूर्वापार आहे.

आणि हे म्हणणे निव्वळ खोटे नाही. सस्क्वेहाना परगण्यातल्या कित्येक विहिरींत खोदकामाच्या आधीपासून मिथेन आढळतो. पेनसिल्व्हेनियात तीसेक लाख लोक खाजगी विहिरींचे पाणी पितात, आणि त्या विहिरी कशा बांधाव्यात, पाणी कधी तपासावे याचा राज्याचा कोणताही नियम नाही. म्हणजे एका बाजूला कुणी कधी न तपासलेले पाणी, दुसऱ्या बाजूला ज्यातली रसायने गुपित आहेत असा द्रव. या दोहोंमधला तंटा न्यायालयात गेल्यावर निकाल कशाच्या आधारे लागणार?

विज्ञानाने आपल्या परीने उत्तर दिले आहे. २०११ साली ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी या भागातल्या पाण्याच्या ६८ विहिरी तपासल्या. वायूविहिरींजवळच्या पाण्यात मिथेनचे प्रमाण दूरच्या पाण्यापेक्षा सरासरी १७ पट निघाले, मात्र फ्रॅकिंगच्या द्रवाचा माग लागला नाही. दोन्ही बाजूंनी यातले आपापले अर्धे वाक्य उचलले. पूर्ण वाचले तर चित्र समजण्यासारखे आहे: दोन किलोमीटर खालच्या भेगा वर भूजलापर्यंत चढून येतात, ही भीती बहुतेक ठिकाणी अनाठायी आहे. धोका असतो तो विहिरीच्या वरच्या भागात: सिमेंटच्या फटीत, गंजलेल्या नळीत, जमिनीवर सांडलेल्या द्रवात, सांडपाण्याच्या तळ्यात. म्हणजे नेमका तिथे, जिथे निरीक्षक जाऊन पाहू शकतो. उद्योगाचे लोक ‘आमच्या भेगा खोल आहेत’ असे सांगतात तेव्हा ते खरे बोलत असतात, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नसतात.

ईपीएने या सगळ्यावर राष्ट्रीय पातळीवर अभ्यास केला. तो पाच-सहा वर्षे चालला. २०१५च्या मसुद्यात ‘व्यापक परिणाम आढळले नाहीत’ असे वाक्य होते. संस्थेच्याच वैज्ञानिक सल्लागारांनी विचारले, की या वाक्याला आधार कोणता? डिसेंबर २०१६च्या अंतिम अहवालातून ते वाक्य गेले. काही परिस्थितींत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होतो, किती ठिकाणी होतो ते माहितीअभावी सांगता येत नाही, असे अंतिम म्हणणे. या अभ्यासात आधी ठरवलेली एक गोष्ट झालीच नाही: खोदकामाआधी पाणी मोजायचे, मग विहीर खोदू द्यायची, मग पुन्हा मोजायचे. असे दोन प्रयोग ठरले होते. कंपन्यांशी जागा आणि वेळ यांचे जमले नाही, म्हणून ते सोडून दिले. अमेरिकेत तोवर हजारो विहिरी खोदून झाल्या होत्या. त्यांतल्या दोन विहिरी जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या पर्यावरण संस्थेला मिळू नयेत, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत बोलके तथ्य वाटते.

रसायनांच्या गुपिताची तऱ्हा निराळी. २०११ साली ‘फ्रॅकफोकस’ नावाची नोंदवही इंटरनेटवर सुरू झाली. भूजल आणि तेल-वायू क्षेत्रांतल्या राज्य अधिकाऱ्यांच्या दोन संघटनांनी ती सुरू केली. कंपन्यांनी प्रत्येक विहिरीत काय घातले ते तिथे लिहायचे. ईपीएने पहिल्या दोन वर्षांतल्या सुमारे ३९,००० नोंदी तपासल्या, तर सत्तर टक्क्यांहून अधिक नोंदींत किमान एक घटक ‘व्यापारी गुपित’ म्हणून झाकलेला होता. शिवाय ही नोंद होते विहीर फोडून झाल्यावर. शेजारच्या माणसाने आपल्या पाण्यात काय शोधायचे हे आधी कळायला हवे की नंतर? प्रयोगशाळेला ‘काहीतरी सापडते का बघा’ असे सांगता येत नाही. कोणता पदार्थ शोधायचा त्याचे नाव द्यावे लागते, त्याप्रमाणे चाचणी ठरते आणि त्याप्रमाणे पैसे.

पेनसिल्व्हेनियाने तर २०१२च्या ‘अ‍ॅक्ट १३’ या कायद्यात डॉक्टरांनाही गुंतवले. रुग्णावर उपचारासाठी डॉक्टर रसायनाचे नाव मागू शकेल, पण ते गुप्त ठेवण्याची हमी त्याने द्यायची. मग ते शेजारच्या रुग्णाला सांगायचे की नाही? आरोग्य खात्याला? २०१६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले, तोवर चार वर्षे गेली होती. त्याआधी, २०११ साली, त्याच राज्यात एका कुटुंबाने साडेसात लाख डॉलर घेऊन तडजोड केली. फ्रॅकिंगबद्दल कुठेही बोलायचे नाही ही अट त्यात होती, आणि ती त्यांच्या दोन लहान मुलांनाही लागू असल्याचे कंपनीच्या वकिलाने न्यायाधीशांसमोर सांगितले. वृत्तपत्रांनी न्यायालयात जाऊन २०१३ साली ते कागद उघड करून घेतले, तेव्हा मुलांवर बंधन नाही असा खुलासा कंपनीने केला. अशा तडजोडी पैशाच्या दृष्टीने त्या-त्या कुटुंबाला सोयीच्या असतील; पण प्रत्येक तडजोडीबरोबर एका बिघडलेल्या विहिरीची नोंद सार्वजनिक हिशोबातून गायब होते, आणि मग तोच हिशोब दाखवून ‘तक्रारी तर फारच थोड्या’ असे म्हटले जाते.

केंद्राचे लुडबुडणे नको, राज्ये आपल्या भूगर्भाला जास्त ओळखतात, असा युक्तिवाद उद्योग करतो. त्यात तथ्य आहे. टेक्सासचा खडक आणि पेनसिल्व्हेनियाचा खडक एक नव्हे. पण ओळखणे वेगळे आणि माणसे नेमणे वेगळे. २०१४ साली पेनसिल्व्हेनियाच्याच महालेखापरीक्षकांनी सांगितले, की राज्याचे पर्यावरण खाते या झपाट्याला तोंड द्यायला तयार नव्हते. त्याच वर्षी खात्याने तेल-वायू कामांमुळे बिघडलेल्या खाजगी विहिरींची २४३ प्रकरणे प्रसिद्ध केली. ती २००८पासूनची होती, आणि वर्तमानपत्रे मागे लागेपर्यंत एकत्र कुणाला पाहायलाच मिळाली नव्हती. केंद्राने तरी काय केले? डिमॉकमध्ये ईपीएने २०१२ साली पाणी पिण्यायोग्य ठरवून काढता पाय घेतला. चार वर्षांनी केंद्राच्याच आरोग्य यंत्रणेने तेच आकडे पाहून म्हटले, की काही घरांच्या पाण्यात आरोग्याला बाधेल एवढी रसायने होती आणि काही घरांत स्फोटाचा धोका होता. नमुने तेच, देश तोच.

मग देखरेख ठेवताच येत नाही का? येते, आणि त्याच राज्यात ती ठेवून दाखवलेली आहे. सस्क्वेहाना नदीखोरे आयोग हा न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड आणि केंद्र सरकार यांचा संयुक्त आयोग. इतर उद्योगांना ठरावीक प्रमाणापर्यंत पाणी उचलायला त्याची परवानगी लागत नाही. शेल वायूच्या कंपन्यांना २००८पासून पहिल्या गॅलनपासून लागते. ओढ्याचा प्रवाह ठरलेल्या पातळीखाली गेला की उपसा बंद. कोरड्या उन्हाळ्यात आयोगाने असे उपसे एकदम डझनांनी थांबवले आहेत. कंपन्यांनी काय केले? पावसाळी दिवसांत पाणी साठवून ठेवायला आणि वापरलेले पाणी पुन्हा वापरायला शिकल्या. नियमांमुळे उद्योग पळून जातो म्हणणाऱ्यांनी या खोऱ्याकडे पाहावे. पेनसिल्व्हेनियाखालच्या मार्सेलस या शेल थराचे वायू उत्पादन याच काळात देशात अव्वल ठरले.

दुसरे उदाहरण मला याहूनही आवडते, कारण त्यात सरकारी निरीक्षकाचीसुद्धा गरज फारशी पडत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात जबाबदारीचे गृहीतक आहे. वायूविहिरीच्या १,००० फुटांत, सहा महिन्यांत पाणी बिघडले तर दोष कंपनीचा, असे आधी होते. ज्या अ‍ॅक्ट १३ने डॉक्टरांची तोंडे बंद करायचा प्रयत्न केला, त्यानेच शेल विहिरींसाठी हे अंतर २,५०० फूट आणि मुदत एक वर्ष केली. दोष आपला नाही हे कंपनीला सिद्ध करायचे असेल, तर तिच्याकडे खोदकामाआधीचा पाण्याचा अहवाल हवा. परिणाम असा, की कुणी सक्ती न करता कंपन्या स्वतः आसपासच्या घरोघरी जाऊन नमुने घेऊ लागल्या. पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्यावर दिले आणि जी तपासणी परवडत नव्हती ती परवडायला लागली. उणीव एवढीच, की हे अहवाल मोठ्या प्रमाणात कंपन्यांच्या कपाटात राहतात. ते सार्वजनिक झाले असते, तर डिमॉकचा मिथेन पूर्वापार होता की नाही हा वाद एका दुपारी मिटला असता.

सांडपाण्याच्या बाबतीतही सवलत आहेच. तेल-वायूच्या खोदकामातला कचरा संघीय कायद्याने ‘घातक कचरा’ मानला जात नाही, मग त्यात काहीही असो. १९८०पासूनची ही सूट ईपीएने १९८८ साली कायम केली. विहिरीतून वर येणारे खारट सांडपाणी पुन्हा जमिनीत खोल सोडतात. त्यामुळे ओक्लाहोमात भूकंप होऊ लागले. सप्टेंबर २०१६ मधला पॉनीचा धक्का ५.८ तीव्रतेचा होता. जमिनीवर आणि जमिनीखाली पाण्याचा भार वाढवला की काय होऊ शकते, हे कोयनेने ज्यांना १९६७ सालीच दाखवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आपला यात संबंध काय, असे कुणी विचारील. एक संबंध थेट दाभोळचा आहे. अमेरिकेतल्या सबाइन पासहून ३५ लाख टन आणि मेरीलँडमधल्या कोव्ह पॉइंटहून २३ लाख टन द्रवरूप वायू दरवर्षी घेण्याचे वीस वर्षांचे करार ‘गेल’ने केले आहेत, आणि त्यांतली पहिली खेप मार्च २०१८ मध्ये दाभोळला उतरली. कोव्ह पॉइंटला जाणारा वायू प्रामुख्याने मार्सेलसचा. मुंबईच्या रिलायन्सनेही २०१०पासून दहाएक वर्षे तिथल्या शेलमध्ये पैसा गुंतवला होता. गिऱ्हाइकाला प्रश्न विचारता येतात. २०२० साली फ्रान्सच्या एन्जी कंपनीने टेक्सासमधल्या वायूच्या खरेदीची बोलणी मिथेन गळतीच्या चिंतेवरून, सरकारचा दबाव आल्यावर, सोडून दिली. ‘गेल’ तर सरकारी कंपनी आहे. वायू कोणत्या विहिरींतला, तिथे खोदकामाआधी पाणी तपासले होते का, एवढे विचारायला तिला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरा संबंध घरातला आहे. जानेवारी २०११ मध्ये ओएनजीसीला दुर्गापूरजवळ इच्छापूरला शेलमधून वायू मिळाला. राणीगंजच्या कोळसा पट्ट्यातल्या मिथेनच्या विहिरी आजही फ्रॅकिंगनेच चालतात. २०१६च्या नव्या परवाना धोरणाने तेल, वायू, कोळशातला मिथेन आणि शेल यांना एकच परवाना पुरेसा केला. आणि १६ जानेवारी २०२० रोजी पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून तेल-वायूचा शोध, त्यात शेल आणि कोळशातला मिथेनही आला, ‘बी-२’ गटात टाकला. या गटाला पर्यावरणीय परिणामांचा पूर्ण अभ्यास लागत नाही आणि जनसुनावणीही लागत नाही. उत्पादनाच्या टप्प्याला या गोष्टी लागतात, शोधाला नाहीत, असे समर्थन केले जाते. पण शोधासाठी खोदलेली विहीरही भूजलाच्या थरातूनच खाली जाते; तिचे सिमेंट काही वेगळे नसते. कावेरीच्या मुखाशी शेती करणाऱ्यांनी हे ओळखले आणि तिथल्या आंदोलनामुळे तमिळनाडूने सव्वा महिन्यातच तो टापू संरक्षित कृषिक्षेत्र घोषित करणारा कायदा केला. बाकी देशात अधिसूचनेची बातमी आतल्या पानावर येऊन गेली.

तेलक्षेत्रांचा मूळ कायदा १९४८चा. २०२५ साली त्यात दुरुस्ती झाली, शेल वायूचा स्पष्ट उल्लेख आला, तुरुंगवास गेला आणि त्याजागी २५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. गुंतवणूकदारांना भरवसा वाटावा म्हणून हे केले, असे सांगितले गेले. ठीक आहे. मग त्याच परवान्यात आणखी तीन अटी घाला: खोदकामाच्या आधी आसपासच्या प्रत्येक विहिरीचा आणि बोअरचा नमुना राज्याच्या भूजल यंत्रणेने घ्यावा, खर्च कंपनीने द्यावा आणि अहवाल ग्रामपंचायतीत लावावा, द्रवातल्या रसायनांची पूर्ण यादी पंप सुरू होण्याआधी द्यावी, आणि ठरावीक अंतरात, ठरावीक मुदतीत पाणी बिघडले तर कंपनीचा दोष गृहीत धरावा. महाराष्ट्राचा २००९चा भूजल कायदा आहे, गावोगावच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षानुवर्षे नोंदवणारी भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. त्यामुळे हे आपल्याला जमणार नाही असे म्हणायला जागा नाही.

डिमॉकच्या खटल्याचा शेवट २०२२च्या नोव्हेंबरात झाला. कॅबटच्या जागी आलेल्या कोटेरा कंपनीने एका सौम्य गुन्ह्याच्या आरोपाला ‘आव्हान देत नाही’ असे उत्तर दिले. गावाला नळाचे पाणी आणण्यासाठी १ कोटी ६२ लाख ९० हजार डॉलर आणि ७५ वर्षांची पाणीपट्टी भरायचे तिने कबूल केले. त्याच दिवशी राज्याच्या पर्यावरण खात्याने गावाखालच्या खोदकामावरची बारा वर्षांची बंदी उठवली. नळ यायला अजून काही वर्षे होती.